हद्द झाली राव!

माहीत आहे का, लोकल प्रवासात फोन चोरीला गेला तर चोराच्याही आधी काय शोधावं लागतं? जागा!

माझा गेला तेव्हा ठाणे अंमलदारांनी पेनाचं टोपण काढता काढता पहिला प्रश्न टाकला, "फलाटावर गेला की बाहेर जिन्यावर?" मी म्हटलं, "साहेब, कळलं असतं तर जाऊ दिला असता का?" ते हसले, पण प्रश्न खरा होता. फलाट लोहमार्ग पोलिसांचा, बाहेरचा रस्ता शहर पोलिसांचा. फोन तोच, खिसाही तोच, मधल्या पायरीवर फक्त हद्द बदलते. चोराला बिचाऱ्याला हे माहीतही नसतं!

तर मंडळी, आजची सगळी धमाल या हद्दीचीच. चोरांनी ती कधीच ओलांडली, पोलीस आता ओलांडायला शिकताहेत. आणि मधल्यामध्ये जे काही चाललंय ना... बघाच!

शून्याला आली किंमत

"आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. त्यावरचा उतारा म्हणजे झीरो एफआयआर. गुन्हा कुठेही घडो, समोरच्या ठाण्याने तो लिहून घ्यायचा आणि मग योग्य ठाण्याकडे धाडायचा. नेहमीचा क्रमांक न देता शून्य क्रमांकाने नोंदवतात, म्हणून 'झीरो'. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तो आता थेट कायद्यातच आलाय. पुढच्या वेळी कोणी हद्द दाखवली तर तुम्ही शून्य दाखवा.

त्याच दिवशी आणखी एक धक्का बसला. १८६० सालचा आपला आयपीसी निवृत्त झाला! ५११ कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमं आली आणि हिंदी सिनेमाच्या संवादलेखकांचं सगळं भांडवल एका रात्रीत बुडालं.

कारण माहीत आहे का? फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, ३१८ आहे. म्हणजे कॉलनीतल्या त्या बिलंदराला "एक नंबरचा तीनशे अठरा आहे" म्हणायला हवं. छे, मजा नाही! खुनाचं ३०२ झालं १०३. नव्या संहितेत ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांसाठी. जमावबंदीचं १४४ आता सुरक्षा संहितेत १६३. एवढी वर्षं पाठ झालेले आकडे विसरून नवे घोकायचे, तेही बंदोबस्त सांभाळून! कॉन्स्टेबल लोकांच्या खिशात मधे जुन्या-नव्या कलमांचे तक्ते फिरत होते, त्यात नवल ते काय?

अटक? व्हिडिओ कॉलवर?

आता सगळ्यात मोठा झोल. फोन वाजतो. समोर कडक इस्त्रीचा गणवेश, मागे झेंडा, फ्रेममध्ये अशोकस्तंभ. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. कॅमेरा बंद करायचा नाही, घरातल्यांना सांगायचं नाही." झाली म्हणे 'डिजिटल अरेस्ट'!

माहीत आहे का, भारतातल्या एकाही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही? २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना हे सांगावं लागलं. तरी लोक फसतात. निवृत्त अधिकारी फसतात, डॉक्टर फसतात. मला विचाराल तर याचं कारण भोळेपणा नाही, पोलिसांबद्दलची आपली पिढीजात धास्ती आहे. खऱ्या पोलिसाला प्रश्न विचारायची सवय नसलेला माणूस खोट्याला काय विचारणार?

आकडा ऐका, पण बसून ऐका. २०२४ या एका वर्षात सायबर ठगांनी भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये लंपास केले. आदल्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता. तिप्पट! एवढी वाढ कुठल्या म्युच्युअल फंडाने दिली सांगा.

या धंद्याला ना गाव ना शीव. कॉल सेंटर कंबोडियात किंवा म्यानमारमध्ये, सिमकार्ड भलत्याच्याच नावाचं, पैसे जातात भाड्याने घेतलेल्या खात्यात. त्या खात्याला पोलिसांच्या भाषेत 'म्यूल अकाउंट' म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. ओझं वाहायचं, मालक कोण ते विचारायचं नाही! काही मिनिटांत रक्कम एका खेचरावरून पाचांवर, पाचांवरून पंचविसांवर चढते. वर त्या कॉल सेंटरमध्ये फोन करणारी पोरंसुद्धा पुष्कळदा फसवून, नोकरीच्या आमिषाने नेलेली असतात. म्हणजे आरोपीही पीडित! आता पंचनामा कुठून सुरू करायचा?

म्हणून १९३० हा नंबर आत्ताच्या आत्ता सेव्ह करा. पैसे गेल्याबरोबर लावलात तर खेचर वाटेतच अडवता येतं. उद्या सकाळी बघू म्हणालात, तर खेचर घाट उतरून पसार.

आणि फोनच गेला तर? स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, पडद्यावर आयएमईआय नंबर येईल, तो कागदावर लिहून ठेवा. तो असला की 'संचार साथी' पोर्टलवरून चोरीचा फोन ब्लॉक करता येतो. अर्थात हे फोन हातात असतानाच करायचं असतं. माझ्या फोनचा नंबर होता त्याच्या खोक्यावर आणि खोकं होतं माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलाखाली.

चीज खाल्लं, बोटं पोळली

माहीत आहे का, बोटांच्या ठशांचं कार्यालय लंडनच्याही आधी आपल्या कलकत्त्यात निघालं? साल १८९७. वर्गीकरणाची किचकट आकडेमोड केली अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी. पद्धतीला नाव मिळालं साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. ठसे आपले, छाप त्यांची!

आता २०२२ पासून देशभरातल्या आरोपींचे ठसे 'नाफिस' या एकाच यंत्रणेत जमा होतात आणि प्रत्येकाला दहा अंकी क्रमांक मिळतो. कोल्हापुरात तिजोरीवर हात ठेवला नि पूर्वी कधी पाटण्यात ठसा दिला असेल, तर गाठ पडलीच म्हणून समजा.

पण ठशांची खरी गंमत लिव्हरपूलची. एका ड्रग्ज विक्रेत्याने एन्क्रोचॅट या सांकेतिक मेसेजिंग सेवेवर मोठ्या कौतुकाने फोटो टाकला. तळहातावर स्टिल्टन चीजचा तुकडा! पोलिसांनी ती सेवा आधीच फोडली होती. त्यांनी चीज सोडून हात बघितला, फोटो मोठा केला, बोटांच्या रेषा जुळवल्या. २०२१ मध्ये गड्याला १३ वर्षं ६ महिन्यांची शिक्षा. एवढं महाग चीज जगात कोणी खाल्लं नसेल.

याहून भारी? आहे ना! गुन्हेगारांना सुरक्षित फोन हवेत, हे ओळखून एफबीआयने थेट धंदाच टाकला. फोनचं नाव ॲनॉम. कॅल्क्युलेटरच्या मागे दडवलेलं मेसेजिंग ॲप, तेही वर्गणी मोजून घ्यायचं. जगभरच्या टोळ्यांनी १२ हजारांवर फोन उचलले, एकमेकांना शिफारशी केल्या. जून २०२१ मध्ये पडदा उघडला. २ कोटी ७० लाख मेसेज पोलिसांचे वाचून झाले होते, अटका ८०० च्या वर. चोरांनी वर्गणी काढून स्वतःवर पाळत ठेवून घेतली हो!

चेहरा है या...

एप्रिल २०१८, चीनमधलं नानचांग. गायक जॅकी चेउंगच्या मैफिलीला ५० हजारांवर गर्दी. त्या गर्दीत एक फरारी आरोपी निवांत बसलेला, बायकोसोबत. गाणं रंगात यायच्या आत पोलीस खुर्चीपाशी! प्रवेशद्वारावरच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखला होता. त्या दौऱ्यात असे इतके जण सापडले की गायकाचीच 'फरारी पकडणारा' म्हणून ख्याती झाली.

वाटलं ना, जिंकलं कॅमेऱ्याने? थांबा. जून २०१७, कार्डिफ, चॅम्पियन्स लीगची फायनल. तिथल्या यंत्रणेने २,४७० वेळा "हाच तो!" अशी आरोळी ठोकली. त्यातल्या २,२९७ वेळा तो तो नव्हताच. बरोबर निघाल्या फक्त १७३. एवढ्या चुका गावच्या जत्रेतला ज्योतिषीसुद्धा करत नाही. पुढे २०२० मध्ये ब्रिटनच्या अपील न्यायालयाने तिथल्या पोलिसांचा तो वापर बेकायदा ठरवला. आणि त्याच वर्षी डेट्रॉइटजवळ एका निरपराध माणसाला घरासमोर, बायको-मुलींच्या डोळ्यांदेखत बेड्या पडल्या, कारण संगणकाला घड्याळचोराच्या धूसर फुटेजमध्ये त्याचा चेहरा दिसला. इथे विनोद सुचत नाही.

पुढे चला!

रोबो हवालदार

वॉशिंग्टनमध्ये २०१७ च्या जुलैत एका गस्ती रोबोने काय केलं, माहीत आहे का? पायऱ्यांवरून थेट कारंज्यात उडी! जलसमाधी. त्याचाच भाऊबंद न्यूयॉर्क पोलिसांनी टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी स्टेशनात आणला. त्याच्या सोबतीला जिता-जागता पोलीस ठेवावा लागायचा. काही महिन्यांतच स्वारी सेवेबाहेर! आपल्या केरळने २०१९ मध्ये 'केपी-बॉट' आणला आणि त्याला थेट सब-इन्स्पेक्टर केलं. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या पोरांनी हे वाक्य कृपया वाचू नये.

कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोची कथा तर फ्रेम करून लावण्यासारखी. सप्टेंबर २०२५, दारुड्या चालकांसाठी नाकाबंदी लागलेली. पोलिसांच्या डोळ्यांसमोर एक गाडी बेकायदा यू-टर्न मारते. थांबवून आत डोकावतात, तर चालकच नाही! वेमोची स्वयंचलित टॅक्सी. फाडायची कुणाची पावती? चलान पुस्तकात रोबोचा रकानाच नाही. शेवटी कंपनीला फोन करून सोडून दिली. अशा गाड्यांच्या कंपनीलाच नोटीस देता यावी, म्हणून तिथे कायद्यात जुलै २०२६ पासूनची तरतूद करावी लागली. आपल्याकडे असं झालं असतं, तर हवालदारसाहेबांनी सवयीने काचेवर टकटक करून "लायसन्स" म्हटलंच असतं.

बरं, नागपुरात पोलिसांचं 'मार्वल' आहे, माहीत आहे का? केपवाले हिरो नव्हेत. तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी राज्याने २०२४ मध्ये उभारलेली कंपनी आहे ती. संत्र्यांच्या गावात ॲव्हेंजर्स!

मुंबईने मात्र स्वस्तात मस्त जुगाड केला होता. २०२० च्या जानेवारीत गाजलेला 'पनिशिंग सिग्नल'. चौकात आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून! जितका हॉर्न, तितका मुक्काम. मला विचाराल तर असा दिवा लग्नाच्या हॉललाही लावा.

मुद्देमाल गेला पोटात

२०२२ मध्ये मथुरेच्या पोलिसांनी न्यायालयात सांगितलं, की जप्त केलेला ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ला. ५८१ किलो! न्यायालय म्हणालं, पुरावा आणा. हसू नका, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या पोलीसप्रमुखांनीही हीच तक्रार केली, मुद्देमालाच्या खोलीतले उंदीर गांजा खाऊन तर्र आहेत म्हणून. उंदरांना कुठली आलीय हद्द?

नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालंय, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचंय. छान. गोदामात एक मांजरही बंधनकारक करा.

आणि माणूस?

तो थकतो. मुंबईच्या कॉन्स्टेबलची ड्यूटी वर्षानुवर्षं बारा तासांची असायची, सणावाराला त्याहून जास्त. २०१६ मध्ये देवनार ठाण्यातल्या एका कॉन्स्टेबलनेच आठ तासांच्या पाळ्यांचं गणित मांडलं, आयुक्तांना पटलं आणि प्रयोग त्याच ठाण्यात सुरू झाला. ना रोबो, ना ॲप. कागद, पेन्सिल आणि घरी जाऊन जेवायची इच्छा.

तरीही या नोकरीची क्रेझ बघा. २०२४ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीत जागा साधारण १७ हजार, अर्ज १७ लाखांच्या वर. जागेमागे शंभर!

उड जा रे

डच पोलिसांनी ड्रोन पाडायला गरुड शिकवून तयार केले होते. थोड्याच काळात गाशा गुंडाळला. गरुड खर्चिक, शिवाय मनात असेल तरच झडप घालायचे. ओडिशा पोलिसांची कबुतरं मात्र इमानी नोकर! १९४६ पासून टपाल वाहिलं, १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्यावरही उडत राहिली.

आणि आपल्या मुंबईचा हा कैदी? मे २०२३, चेंबूरची पीर पाव जेट्टी. एक कबूतर 'ताब्यात'. पायांत कड्या, पंखांवर चिनीसारखी अक्षरं. हेर! परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयात रवानगी झाली, तपास लागला. निघालं काय, तर तैवानमधलं शर्यतीचं पाखरू, वाट चुकून इकडे आलेलं. तरी आठ महिने गजाआड! ३० जानेवारी २०२४ रोजी पिंजऱ्याचं दार उघडलं.

पकडलं चेंबूरला, ठेवलं परळला, घर तैवानला. उडून पुढे कोणाच्या हद्दीत उतरलं, त्यालाच ठाऊक.