बिना–ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली तेव्हा

३० जुलै २०१२. पहाटे २.३३ वाजता बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली आणि बघता बघता उत्तर भारताचं अख्खं ग्रिड झोपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच लाइन पुन्हा सुटली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिडं गेली. सुमारे ६० कोटी लोक विजेविना. पडावच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या आम्हा ग्वाल्हेरकरांना आपल्या गावावरून देशाची केवढी वीज जाते, ते तेव्हा कळलं.

गंमत म्हणजे लाइनमध्ये बिघाड नव्हताच. उपकेंद्रातला रिले सतत व्होल्टेजला करंटने भागत असतो. बिघाड झाला की व्होल्टेज कोसळतं, करंट उसळतो आणि भागाकार लहान येतो. त्या पहाटे उत्तरेकडे एवढी वीज ओढली जात होती, की निव्वळ भारच रिलेला दूरवरच्या बिघाडासारखा भासला. त्याने लाइन तोडली. जोडीची दुसरी लाइन होती, पण ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी ती बंद होती! बळकटीचं काम चालू असतानाच ग्रिड सगळ्यात दुबळं होतं ते असं.

तरी ते काम टाळता येत नाही. लाइनची क्षमता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४०० वरून ७६५ म्हणजे साडेतीन पटीहून जास्त. सौरऊर्जेला हे लागणारच, कारण ऊन आणि मोकळी जमीन असते एकीकडे, गिऱ्हाईक दुसरीकडे. शेजारच्या मुरैन्यातल्या सौर-बॅटरी प्रकल्पाचा २०२५ मधला २.७० रुपये प्रति युनिट हा दर गाजला. मला त्यातली बॅटरी जास्त महत्त्वाची वाटते. दिवसा पॅनेलची वीज, ऊन उतरल्यावर बॅटरीची. म्हणजे रात्री रिकामी पडणारी तार दुसऱ्या पाळीतही राबते.

गल्लीतला प्रश्न वेगळा. दुपारी घरं रिकामी, गच्च्यांवरची पॅनेलं मात्र ऐन भरात. वीज उलटी ट्रान्सफॉर्मरकडे निघते, फीडरच्या टोकाला व्होल्टेज चढतं आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. लख्ख ऊन, युनिट शून्य. मालक पॅनेलवाल्याला फोन लावतो. इलाज असतो कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या टॅपमध्ये, नाहीतर जाड केबलमध्ये. पॅनेलच्या सबसिडीचा अर्ज भरताना त्याची चौकशी फारसं कुणी करत नाही.