मोमो, जियाओझी आणि आपले दिंड

शिरपूर - मोमोची गाडी आता शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावालाही नवी राहिलेली नाही. शिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेली तरुण मंडळी सायंकाळी त्या वाफाळत्या डब्यांभोवती घुटमळतात. गाडीच्या पाटीवर बहुधा 'चायनीज' असे लिहिलेले असते आणि घोळ तेथूनच सुरू होतो.

मोमो मूळचा तिबेट-नेपाळकडचा. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांमुळे त्याच्या येथील प्रसाराला मोठा हातभार लागला. चीनमधील त्याचा भाऊबंद म्हणजे 'जियाओझी'. दिसायला आपल्या करंजीसारखा, अर्धचंद्राकृती. उत्तर चीनमध्ये चांद्र नववर्षाच्या पूर्वसंध्येला सारे कुटुंब एकत्र बसून तो करते. एखाद्यात नाणे लपविलेले असते. ज्याच्या दाताखाली ते येईल, तो वर्षभर भाग्यवान! हा पदार्थ फार जुना आहे. तुर्फानजवळील अस्ताना येथील थडग्यांत तांग राजवटीच्या काळातले (इ. स. ६१८ ते ९०७) वाळलेले जियाओझी सापडले आहेत.

इंग्रजीत या सर्वांना 'डंपलिंग' असे एकच नाव आहे. खरा फरक कळतो तो सारणावरून नव्हे, तर पारीवरून. उकळत्या पाण्यात सोडायच्या जियाओझीची कणीक थंड पाण्यात भिजवितात. त्यामुळे तिला चिवटपणा येतो आणि खळखळत्या पाण्यातही ती फाटत नाही. वाफवायच्या प्रकारासाठी मात्र कडकडीत पाणी वापरण्याची पद्धत आहे. पिठातील पिष्ट त्याने फुलते आणि पारी मऊ राहते. आपल्या मोदकाच्या उकडीमागेही हेच तत्त्व आहे. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसल्याने ते उकडीशिवाय वळताच येत नाही.

वॉनटनची पारी याहून पातळ, आणि तो बहुधा सूपमध्ये पोहतो. बाओझीचे पीठ आंबविलेले, म्हणून तो पावासारखा फुगतो. जपानी ग्योझा हा जियाओझीचाच वंशज. एका बाजूने खरपूस भाजलेला आणि लसणीचा हात सैल सोडलेला. शांघायकडील श्याओलोंगबाओची गंमत औरच. सारणात गोठविलेला रस्सा मिसळतात, वाफेने तो वितळतो आणि बेसावध खवय्याची जीभ भाजते.

खानदेशी वाचकाने मात्र एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. नागपंचमीला चिरणे, तळणे आणि तवा चढविणे वर्ज्य मानणाऱ्या घरांत कणकेच्या पोळीत पुरण भरून, घडी घालून वाफविलेले दिंड होतात. गव्हाची पारी, आत सारण, वर वाफ! गोडवा बाजूला ठेवला, तर जियाओझीला मोदकापेक्षा हे दिंडच जवळचे. आपले फुणके वाफविलेले असले, तरी त्यांना पारीच नसल्याने ते या पंगतीत बसत नाहीत.

जियाओझी चाखायचा, तर मेयोनीज आणि लाल चटणीचा मारा टाळावा. चीनमध्ये तो काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून, सोबत लसूण किंवा आले घेऊन खातात. मांसाचे सारण बहुधा कच्चेच भरलेले असते. ते आतपर्यंत शिजल्याची खात्री करावी. शाकाहारी मंडळींनी कोबी, गाजर व पातीचा कांदा घेऊन घरच्या मोदकपात्रात प्रयोग करण्यास हरकत नाही. कोबीला आधी मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावे आणि घट्ट पिळून घ्यावे, नाहीतर पाणी सुटून पारी फाटते.