विश्लेषण : रविवारी पहाटे सुपरकार टिपणाऱ्या पोरांना नेमके काय दिसते?

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत किंवा कोकरी आगारच्या गल्लीत फेरारी शिरत नाही. शिरली तरी पहिल्याच गतिरोधकावर पोट घासेल. पण इथून जवळच वडाळा ट्रक टर्मिनलला लागून पूर्व मुंबईचे आरटीओ आहे आणि ‘एमएच ०३’ ही पाटी तिथूनच निघते. त्यामुळे गाड्यांचे वेड या भागातल्या पोरांना नवे नाही. रविवारी पहाटे मोबाइलची बॅटरी शंभर टक्के करून ही मुले मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सी फेस गाठतात. गाडी घ्यायची ऐपत नसते आणि घ्यायचीही नसते. टिपायची असते.

कार स्पॉटिंग म्हणजे काय?

दुर्मीळ गाडी रस्त्यावर ओळखायची, तिचा फोटो किंवा चित्रफीत घ्यायची आणि नोंद ठेवायची. पक्षीनिरीक्षणाचाच हा प्रकार. फक्त पक्षी ताशी ३०० किलोमीटरला पोहोचू शकतो. वेळ पहाटेची, कारण मालकांनाही तेव्हाच रस्ता मोकळा मिळतो. मुरलेला स्पॉटर गाडी दिसण्याआधीच आवाजावरून व्ही-१० की व्ही-१२ ते सांगतो. जाणकार स्पॉटर नंबर प्लेट झाकूनच फोटो टाकतात. मालकाचे घर, त्याच्या वेळा उघड होऊ नयेत, हा त्यामागचा साधा शिष्टाचार. तो सगळेच पाळतात असे नाही.

पाटीवरून काय कळते?

बरेच काही. ०००१ हा क्रमांक दिसला, तर मालकाने मुंबईत नुसत्या त्या आकड्यासाठी सहा लाख रुपये मोजलेले असू शकतात; ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने हे दर वाढवले. चालू मालिकेबाहेरचा असेल तर तिप्पट, म्हणजे १८ लाख. एवढ्यात एक बरी मोटार येते.

पाटी परदेशी असेल तर गाडी बहुधा ‘कार्नेट’वर आलेली असते. कार्नेट म्हणजे सीमाशुल्क न भरता गाडी तात्पुरती देशात आणण्याचा परवाना. सहा महिन्यांत ती परत नेण्याची हमी द्यावी लागते. आणि मुंबईतल्या रस्त्यावर पुदुच्चेरीची पाटी वारंवार दिसली, तर पुढचा प्रश्न कराचा असतो.

किंमत इतकी का फुगते?

एक कोटी रुपये मूल्याची तयार गाडी बंदरात उतरली असे धरू. महाग गाड्यांवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ४० टक्के, म्हणजे ११० टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क खाली आणल्याची बातमी झाली, पण उपकर जोडल्यावर बोजा होता तिथेच राहिला. गाडी झाली २ कोटी १० लाखांची. त्यावर सप्टेंबर २०२५ पासूनचा ४० टक्के जीएसटी : २ कोटी ९४ लाख. विक्रेत्याचा नफा आणि विमा अजून बाकीच.

या शुल्काची ओळख मराठी वाचकाला सचिन तेंडुलकरच्या फेरारीने करून दिली. डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. किल्ली दिली मायकेल शूमाकरने. सरकारने १ कोटी १३ लाखांचे शुल्क माफ केले, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ही रक्कम फियाट कंपनीने भरली. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने घेतली.

मग राज्याला किती मिळते?

इथे हिशेब उलटा होतो. महाराष्ट्रात आयात गाडीवर एकरकमी वाहनकर २० टक्के आहे. पण त्याला कमाल मर्यादा आहे : पूर्वी २० लाख, १ जुलै २०२५ पासून ३० लाख रुपये. दहा कोटींच्या गाडीला ३० लाख म्हणजे तीन टक्के. आणि अँटॉप हिलच्या एखाद्या कुटुंबाने कर्ज काढून आठ लाखांची पेट्रोल गाडी घेतली, तर दर ११ टक्के, म्हणजे ८८ हजार. मर्यादेमागचे कारण व्यवहारी आहे. ती नसती तर गाड्या स्वस्त कराच्या राज्यात नोंदवल्या गेल्या असत्या, जशा जातच होत्या. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर पुन्हा नोंदणी करावी लागते. पण बारा महिने मोजत कोण बसणार? तरीही तीन आणि अकरा हे आकडे शेजारी ठेवले की खटकतात.

वाद कशाचा आहे?

आवाजाचा आणि वेगाचा. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला. सुपरकारवाल्यांना सिग्नल नसलेला रस्ता मिळाला आणि लगतच्या इमारतींतल्या लोकांची झोप गेली. तिथे सरळ मार्गावर ताशी ८० आणि बोगद्यात ६० किलोमीटरची मर्यादा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर एका लॅम्बोर्गिनीने पेट घेतला आणि ती चित्रफीत देशभर फिरली.

कंपनीच्या सायलेन्सरमध्येच काही वेळा झडप असते. इंजिन जोरात फिरू लागले की ती उघडते आणि आवाज चढतो. ते कंपनीचेच, मंजूर झालेले. सायलेन्सर काढून दुसरा बसवणे मात्र बेकायदा. मालकाला प्रत्येक फेरफारासाठी पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता पाच हजार रुपये दहा कोटींच्या गाडीवाल्याला काय वाटत असतील, ते वाचकानेच ठरवावे.

स्पॉटरचा दोष काय?

थोडा आहे. कॅमेरा उंचावून ‘जरा आवाज द्या ना’ असा इशारा केला की चालकाचा पाय आपसूक दाबला जातो. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, १६० ला ४४. चालकाला धोका लक्षात येऊन ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्याआधीच संपते. आणि चित्रफितीला चांगला कोन मिळावा म्हणून पोरगा उभा असतो तो नेमका वळणावर, पदपथाच्या कडेला.

वेगाची हौस फेडायला मुंबईत शर्यतीचा ट्रॅक नाही. मध्य प्रदेशात पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी मार्ग २०२१ पासून आहे. तिथे जायचे तर इंदूरपर्यंतचा प्रवास. त्यामुळे मालकांना सी लिंक आणि किनारा मार्गच जवळचा वाटतो, आणि पोरांना त्याच्या तोंडाशी असलेला पदपथ. आठच्या आत सगळे आटोपते. नाक्यावर चहा होतो, फोटो एकमेकांना दाखवले जातात, आणि कुणीतरी ‘एमएच ०३’ची पाटी दिसली का, हे विचारतोच.