खोल बर्फावरचा तोल

डोंगराच्या खड्या उतारावरून, कमरेइतक्या भुसभुशीत बर्फातून आडवं जायचं आहे. डाव्या हाताला चढ, उजव्या हाताला दरी. अशा ठिकाणी पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेल्या स्नोमोबाइलचा तरबेज चालक सीटवर बसत नाही. चढाकडच्या पायफळीवर तो उभा राहतो, तेही अनेकदा उजव्या पायावर. डावा पाय बाहेर बर्फावरून सरकत असतो. गाडी स्वतःकडे ओढून तो तिला एका कडेवर आणतो आणि हँडल वळवतो ते दरीच्या बाजूला. नवख्याला हे उफराटं वाटतं, पण त्यामुळेच गाडी चढाकडच्या कडेवर टेकून राहते. दरीकडची स्की हवेत असते आणि पट्ट्याची एक कड बर्फात रुतलेली असते. तोल गेला, तर दोनशे किलोंचं यंत्र गडगडत खाली जातं.

डोंगरी स्नोमोबाइलमध्ये गेल्या तीसेक वर्षांत झालेल्या सुधारणांचा खरा धागा हा तोल आहे, असं माझं ठाम मत आहे. जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा मोठा छापतात. डोंगरात दिवस काढणारे मात्र आधी विचारतात: गाडी कडेवर किती सहज येते?

या यंत्राचा जन्म खेळासाठी झाला नव्हता. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकूर या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा तरुण मेकॅनिक गॅरेज चालवायचा. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटातल्या संसर्गाने गेला. रस्ते बर्फाखाली होते आणि इस्पितळ गाठायला साधन नव्हतं. बर्फावरून चालणाऱ्या वाहनाचे त्याचे प्रयोग आधीपासूनच सुरू होते, या घावानंतर ते थांबले नाहीत. 1937 मध्ये त्याला दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि सात माणसांची बी-7 ही गाडी बाजारात आली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं तिच्यासारख्या गाड्यांतून जाऊ लागली. एकट्यादुकट्याने चालवायची हलकी ‘स्की-डू’ आली 1959 मध्ये. अमेरिकेत मिनेसोटातल्या रोझो गावी पोलारिस 1954 मध्येच उभी राहिली होती. तिच्या संस्थापकांपैकी एडगर हेटीन पुढे बाहेर पडला आणि त्याने जी कंपनी काढली, तीच आर्क्टिक कॅट.

या सगळ्या गाड्या सपाटीच्या होत्या. रॉकी पर्वतातल्या खोल, कोरड्या बर्फात त्या रुतायच्या. त्यामुळे डोंगराची गाडी वेगळी घडवावी लागली, आणि बदलाची सुरुवात झाली पट्ट्यापासून. रबरी पट्टा जितका लांब, तितकं वजन जास्त जागेवर पसरतं आणि गाडी बर्फावर तरंगते. नव्वदच्या दशकात 136 इंचांचा पट्टा लांब समजला जायचा. आज 154 आणि 165 इंच नेहमीचे झाले आहेत आणि त्याहून लांबही मिळतात. पट्ट्यावरची रबरी पाती अडीच ते तीन इंच उंच असतात, बर्फ मागे ढकलण्याचं काम त्यांचं. रुंदी मात्र 15-16 इंचांवरच ठेवली, कारण रुंद पट्टा कडेवर येत नाही. दोन स्कींमधलं अंतरही त्याच कारणाने कमी केलं. सपाटीच्या गाडीत ते 42-43 इंच असतं, डोंगरी गाडीत साधारण 36.

मला सर्वांत सुंदर वाटतात ते मागच्या सस्पेन्शनमधले बदल, कारण ते डोळ्यांत भरत नाहीत आणि तरी सगळं बदलून टाकतात. 2013 च्या स्की-डू समिटमध्ये पट्ट्याखालचा सांगाडा जरासा तिरका होऊ शकेल अशी सोय केली आणि पट्ट्याच्या कडा लवचीक केल्या. पट्टा अशा तऱ्हेने किंचित कलला, की चालकाला सगळी गाडी उचलून कडेवर आणावी लागत नाही. आर्क्टिक कॅटने 2019 च्या ‘अल्फा वन’मध्ये आणखी धीट पाऊल टाकलं: पट्ट्याखालच्या दोन तुळयांऐवजी मधोमध एकच तुळई ठेवली. पोलारिसने 2013 च्या प्रो-आरएमकेमध्ये साखळीच्या जागी दातेरी पट्टा घालून वजन कापलं. आजच्या डोंगरी गाडीचं कोरडं वजन दोनशे किलोंच्या आसपास असतं. यातला एकेक किलो कुणीतरी भांडून काढलेला आहे.

इंजिनांत टू-स्ट्रोक इथे अजून टिकून आहे. आपल्याकडे लूना, राजदूत आणि आरएक्स 100 बरोबर ज्याचा जमाना गेला, तेच इंजिन. फक्त आता पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि ऑइलचं प्रमाण संगणक ठरवतो. टिकण्याचं कारण पुन्हा वजनच. दर फेऱ्याला शक्तीचा झटका देणारं हे इंजिन त्याच ताकदीच्या फोर-स्ट्रोकपेक्षा हलकं पडतं. गिअर नाहीत, बिनगिअरच्या स्कूटरसारख्या दोन सरकत्या पुली आणि मध्ये रबरी बेल्ट. थंडाव्यासाठी पट्ट्याने वर उडवलेला बर्फच वापरतात. कडक रस्त्यावर बर्फ उडत नाही आणि इंजिन तापतं, म्हणून जमीन खरवडून बर्फाचा चुरा उडवणाऱ्या लवचीक पोलादी काड्या खाली सोडतात.

डोंगरावर इंजिनाचा खरा शत्रू विरळ हवा. दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद जाते; 165 अश्वशक्तीचं इंजिन आठ हजार फुटांवर जेमतेम सव्वाशेचं उरतं. म्हणून 2020 च्या मॉडेलमध्ये स्की-डूने आणलेला टर्बो महत्त्वाचा होता. कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेली ती पहिली टू-स्ट्रोक स्नोमोबाइल, आणि आठ हजार फुटांपर्यंत 165 अश्वशक्ती टिकवण्याचं तिचं वचन होतं. दोनच वर्षांनी हा आकडा 180 वर गेला आणि पोलारिसनेही ‘पेट्रियट बूस्ट’ हे टर्बो इंजिन उतरवलं. त्याआधी लोक बाहेरून टर्बो जोडून घ्यायचे आणि वरचेवर इंजिन उघडत बसायचे.

पण ताकद वाढली तशी माणसं अधिक खड्या उतारांवर जाऊ लागली, आणि तिथेच हिमप्रपात होतात. उतारावर जास्तीत जास्त उंच खूण करून परतायचा जो खेळ आहे, त्यात भर उतारावर मोठं वजन चढतं आणि नेमक्या कच्च्या थरावर ताण येतो. 13 मार्च 2010 रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर अशाच एका मेळाव्यावर हिमप्रपात कोसळला. दोघे गेले, तीसेक जण जखमी झाले. गाडलेला माणूस वाचायचा तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात. तेव्हा नवी गाडी घेणाऱ्याने गाडलेल्या सोबत्याचा ठाव देणारा 457 किलोहर्ट्‌झचा ट्रान्सीव्हर, फावडं, शोधकाठी आणि प्रशिक्षण यांचे पैसे गाडीच्या किमतीतच धरावेत, असं मी आग्रहाने सांगेन. उतारावर एका वेळी एकच गाडी, आणि एकाची अडकली तर दुसऱ्याने धावत वर जायचं नाही. नव्या मॉडेलांवरचे नकाशा दाखवणारे मोठे पडदे उपयोगी आहेत, पण उतार वाचायचं काम ते करत नाहीत.

पुढच्या हिवाळ्याची मॉडेलं आधीचा हिवाळा सरत असतानाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये जाहीर होतात. गिऱ्हाईक वसंतात पट्टा, इंजिन, रंग निवडून आगाऊ नोंदणी करतं आणि त्या नोंदणीवर कारखाना चालतो. ही घडी सध्या विस्कटली आहे. 2023-24 च्या हिवाळ्यात बर्फ फार कमी पडला, विक्रेत्यांकडे गाड्या पडून राहिल्या, कंपन्यांनी उत्पादन कापलं. 1968 पासून या धंद्यात असलेल्या यामाहाने 2025 च्या मॉडेलांनंतर बाहेर पडायचं ठरवलं. आर्क्टिक कॅटचं काम मालक टेक्स्ट्रॉनने थांबवलं होतं. 2025 मध्ये ती नव्या मालकांकडे गेली. 1981 ची दिवाळखोरी पचवून ती एकदा उभी राहिली होती, म्हणून आशा वाटते. स्पर्धक उरले नाहीत तर सुधारणांची चढाओढही थंडावेल, आणि ‘अल्फा वन’सारखी धाडसं कोण करणार?

आपल्याकडे हे यंत्र ‘स्नो स्कूटर’ म्हणून ओळखलं जातं. गुलमर्गला गेलेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांनी चालकाच्या मागे बसून त्यावरून फेरी मारली आहे. सियाचीनमध्ये लष्कर याच यंत्रावरून माणसं आणि सामान हलवतं. अठरा हजार फुटांवर हवा निम्मी असते. तिथे इंजिन काय सोसत असेल, हे वरच्या तीन टक्क्यांच्या हिशेबावरून ताडता येतं.

या दृष्टीने विजेची मोटर आदर्श वाटते, कारण तिला हवा लागतच नाही. बोंबार्दिएची वारसदार बीआरपी विजेवरची स्की-डू विकते, पण ती सुमारे 50 किलोमीटरची, सपाट वाटांची गाडी आहे. डोंगरी मॉडेल जाहीर करणाऱ्या टायगा या क्वेबेकच्याच कंपनीला 2024 मध्ये धनकोंपासून कायद्याचं संरक्षण मागावं लागलं. अडचण बॅटरीच्या वजनाची आहे. टाकीतलं चाळीसेक लिटर पेट्रोल तीस किलोंच्या आत-बाहेर भरतं आणि जळत जातं, त्यामुळे चालक थकलेला असतो त्या दुपारच्या वेळी गाडी सकाळपेक्षा हलकी असते. बॅटरी उतरली तरी तिचं वजन तेवढंच राहतं, आणि ते त्याच दमलेल्या हातांनी कडेवर ओढावं लागतं.