बारा-तीन-चार-पाचचा डोंगर

आज एकच संख्या घेऊ: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढते आणि तशीच उतरते. मोबाइलवर ती 'चमत्कारी संख्या' म्हणून फिरत असते. मी तोफखान्यातला माणूस, चमत्कार म्हटलं की आधी हिशोब मागतो.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा, नऊ एकांचा, वर्ग. कागदावर गुणाकार मांडा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. आता बेरीज. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या घरात नऊही ओळी एकत्र येतात, पुढे त्या एकेक करून संपत जातात. कुठेही हातचा येत नाही, म्हणून डोंगर शाबूत राहतो.

दहा एक घेतले की मधल्या घरात १० येतात. हातचा शेजारच्या ९ वर जातो, त्याचेही १० होतात, तो पुढच्या ८ ला ९ करतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखर ढासळलं! नऊ वेळा जमलं म्हणून दहाव्यांदा जमेलच, असं धरून चालणाऱ्याला आमच्याकडे तोफेजवळ उभं करत नाहीत.

अशा संख्यांचा अभ्यास द. रा. कापरेकरांनी केला. देवळालीच्या शाळेतले हे शिक्षक. त्यांनी या संख्यांना 'डेम्लो' म्हटलं, कारण जी.आय.पी. रेल्वेच्या त्या स्टेशनावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, ही कल्पना सुचली. अनेक विद्वानांनी त्यांचं काम पोरखेळ मानलं. आक्षेप असा की हे गुण संख्येचे नाहीत, लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत.

आक्षेपात तथ्य आहे, पण पोरखेळ हा शब्द मला मान्य नाही. दोन्ही गुण वेगळे काढून पाहू. १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणजे आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ आणि ३३३६६७ दोन-दोन वेळा. त्यावरून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. कुठल्याही लिपीत, कुठल्याही पद्धतीत लिहा, हे ४५ बदलणार नाहीत.

अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने भागही जातो. पण बेरजेवरून फक्त ९ ची खात्री मिळते. ८१ ची मिळते ती चार तिनांमुळे. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. यात ८ गाळलेला आहे, टंकनदोष नव्हे!

डोंगर मात्र दशमान पद्धतीचा. संगणकवाले सोळाच्या पद्धतीत लिहितात, तिथे १५ एकांपर्यंत तो टिकतो. दोनाच्या पद्धतीत तर ११ म्हणजे आपले तीन; त्याचा वर्ग नऊ, लिहायचा १००१. तिथे दुसऱ्याच पावलाला डोंगराच्या जागी दरी.