खेळण्यातली मालगाडी गोल गोल किती फिरवायची?

वाढदिवसाला आणलेली रेल्वेगाडी तुमच्या घरी किती दिवस टिकली? पहिला आठवडा सगळं घर रुळांभोवती बसतं आणि महिन्याभरात खोकं माळ्यावर जातं. गाडी चांगली चालत असते, पण तिला कुठे जायचंच नसतं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना एकदा जरूर न्या. पण तिथे आपण बघे असतो. घरी मात्र यार्ड तुमच्याच हातात असतं, आणि खरी मजा शंटिंगमध्ये आहे. शंटिंग म्हणजे वाघिणी जोडणं, सोडणं, हव्या त्या क्रमाने लावणं. (हो, मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीणच म्हणतात. मुलांना सांगून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.)

अ‍ॅलन राइट या इंग्रज हौशी माणसाने यासाठी एक कोडं रचलं, ‘इंगलनूक’. तीन सायडिंग: एकात ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत ३-३. ही तिन्ही सायडिंग जिथे एकत्र येतात, त्या टोकाच्या रुळावर इंजिन आणि फक्त ३ वाघिणी बसतात. एकूण वाघिणी ८. चिठ्ठ्या काढून ५ निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. जागा ११, वाघिणी ८, म्हणजे हलायला जेमतेम ३ जागा. अशा गाड्या ६७२० प्रकारे लागू शकतात, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी आरामात निघेल.

समजा, गव्हाची वाघीण छोट्या सायडिंगच्या तळाशी आहे आणि तिच्यापुढे सिमेंटच्या दोन. तिन्ही ओढून बाहेर काढा. आता गहू इंजिनापासून सगळ्यात लांब आहे. सांधा बदला, मागे ढकलत गहू मोठ्या सायडिंगवर सोडा, सिमेंट परत जागेवर ठेवा. सोपं वाटलं ना? आता तीच वाघीण मोठ्या सायडिंगवर चौथी असेल तर?

मॉडेल महाग असतात, म्हणून आधी आठ काड्यापेट्या आणि कागदावर आखलेले रूळ घ्या. आवडलं तर १:८७ प्रमाणातल्या चारचाकी वाघिणींचा असा मांडव साधारण दीड मीटरच्या फळीवर बसतो.

मी हे लखनौच्या जानकीपुरममधून लिहितेय. भारतीय रेल्वेच्या वाघिणींचे आराखडे जिथे ठरतात ती आरडीएसओ ही संस्था याच शहरात, मानकनगरला आहे. हल्ली आपल्याकडे बहुतेक मालगाड्या एकाच मालाचा अख्खा रेक घेऊन धावतात, एकेक वाघीण सोडण्याचं काम फार उरलेलं नाही. म्हणून घरच्या यार्डाला जुना काळ द्या: छोटं स्टेशन, एक मालधक्का, एक साखर कारखाना.

मग प्रत्येक वाघिणीची एक चिठ्ठी करा. कुठून आली, कुठे जाणार, भरलेली की रिकामी. भरलेली वाघीण धक्क्याला लागली की निदान एक डाव तिथेच राहू द्या, हमालांना माल उतरवायला वेळ नको? पुढच्या डावात ती रिकामी निघेल. टँकर साखर कारखान्याच्या धक्क्याला लागला तर कारण विचारा. मुलं मळीची गोष्ट शोधून काढतील.

आणि वेग माणसाच्या चालीइतकाच. वाघीण जोडण्याआधी थांबा, मनात दहा अंक मोजा. खऱ्या यार्डात पॉइंट्समन तेवढ्या वेळात चालत येतो.