चैत्रातील चंदनाची उटी आणि नाजूक त्वचा

गुढी उतरते, चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर विराजमान होते आणि घराघरांतून हळदीकुंकवाची आमंत्रणे निघू लागतात. अक्षय तृतीयेपर्यंतचा हा महिना आंब्याच्या डाळीचा, पन्ह्याचा, भिजवलेल्या हरभऱ्यांच्या ओटीचा आणि तितकाच चंदनाचाही. एरवी देवाच्या कपाळापुरते उगाळले जाणारे गंध या दिवसांत वाटीभर लागते. उन्हातून आलेल्या सुवासिनीच्या हातांना गार उटी लावावी, वर गुलाबपाणी शिंपडावे आणि मगच तिला पन्ह्याचा पेला द्यावा, असा अनेक घरांचा जुना परिपाठ आहे.

जे पाहुण्यांना तेच देवालाही. पंढरपुरी गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत श्रीविठ्ठल व रुक्मिणीमातेची चंदन उटी पूजा होते. उन्हाच्या काहिलीत सावळ्या मूर्तीच्या सर्वांगाला चंदनाचा लेप चढतो. जगन्नाथपुरीची चंदनयात्रा अक्षय तृतीयेलाच सुरू होते आणि बेचाळीस दिवस चालते. आंध्रातील सिंहाचलमचा वराहनरसिंह तर वर्षभर चंदनाच्या थराखाली झाकलेला असतो. अक्षय तृतीयेच्या दिवशी तेवढा तो लेप उतरवून भक्तांना मूळ रूपाचे दर्शन घडवितात. दाह शमविणारा पदार्थ म्हणून चंदनाची निवड आपल्या पूर्वजांनी किती विचारपूर्वक केली होती, हे चरकसंहितेवरूनही दिसते. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात औषधींचे जे गण सांगितले आहेत, त्यांपैकी वर्ण उजळविणाऱ्या, खाज घालविणाऱ्या आणि दाह शमविणाऱ्या अशा तिन्ही गणांत चंदनाचे नाव आहे.

हे सारे ठाऊक असूनही आमच्या घरी एका चैत्रात चंदनानेच घात केला. निदान आम्हांला तसे वाटले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. हळदीकुंकवाला पन्नासेक बायका यायच्या होत्या. इतके गंध उगाळणार कोण, म्हणून सूनबाईंनी बाजारातून चंदनाच्या भुकटीची पाकिटे आणली. ती गुलाबपाण्यात कालविली आणि नातीला कौतुकाने पाटावर बसवून पहिली उटी तिच्याच हातांना व गालांना लावली. पोरीची कातडी पहिल्यापासून नाजूक. लोकरी कपडा टोचला तरी चट्टा उठावा अशी. त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मात्र हात लाल झाले, बारीक पुरळ उठले आणि रात्रभर खाजवून तिने आम्हांला जागविले. पुढच्या वर्षी हळदीकुंकवाची तयारी सुरू झाली तेव्हा तिने दोन्ही हात परकराच्या घडीत लपविले. "आजी, मला नको," एवढेच म्हणाली. सणाच्या दिवशी घरची मुलगी देवीसमोर हात लपवून बसते, हे माझ्या मनाला फार लागले.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तेव्हा जे समजावून सांगितले, ते प्रत्येक गृहिणीने जाणून घेण्यासारखे आहे. एखादा पदार्थ कातडीला नुसता झोंबला, तर आग बहुधा तत्काळ होते. ज्याचे शरीराला वावडे असते, त्याची खूण मात्र पुष्कळदा एक-दोन दिवसांनी उमटते, म्हणून दोष कशाचा हे आपल्या ध्यानातच येत नाही. पाकिटातल्या भुकटीत चंदन किती, दुसरे लाकूड किती आणि वरून घातलेला कृत्रिम सुवास व रंग किती, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. आणि नाजूक त्वचेला सर्वांत अधिक सतावतात ते हे सुवास आणि रंगच. कुंकवातील रासायनिक रंगांनी कपाळावर काळे डाग पडलेल्या बायका आपण पाहतोच, त्यातलाच हा प्रकार. बाईंनी आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली. अस्सल चंदनाचेही काहींना वावडे असू शकते. त्याचे काढलेले तेल फार तीव्र असते, ते तसेच कातडीवर कधी लावू नये. देवाला प्रिय असलेली वस्तू आपल्याला बाधणारच नाही असे नव्हे, हे ऐकायला कठीण वाटले, पण ते खरे आहे.

मग चंदनाचा गुण तो कोणता? उटीचा थंडावा बव्हंशी पाण्याचा असतो. लाकडाचे अतिसूक्ष्म कण ओलावा धरून ठेवतात, तो सावकाश उडून जातो आणि जाताना अंगाची उष्णता नेतो. त्यापलीकडे गाभ्यातील तेलात सँटॅलॉल नावाची द्रव्ये असतात. दाह कमी करण्याचा गुण त्यांच्या ठायी असल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. माणसांवरचे प्रयोग मात्र अजून थोडे व लहान आहेत. तेव्हा उन्हाने तापलेल्या, घामोळ्यांनी चुरचुरणाऱ्या अंगाला उटी सुख देते एवढे निश्चित म्हणावे. इसबावरचे किंवा नायट्यावरचे औषध मात्र तिला समजू नये.

खोड घेताना घाई करू नये. चंदनाचा सुगंध असतो तो गाभ्याच्या पिवळसर तपकिरी लाकडात. बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला वास नसतो. खरे खोड दुरून घमघमत नाही. सहाणेवर पाणी घेऊन उगाळू लागले की मंद, काहीसा दुधाळ सुवास निघतो आणि हाताला बराच वेळ राहतो. हलक्या लाकडाला वरून अत्तर चोळलेले असेल, तर पहिल्या दिवशी घर दरवळते आणि चार दिवस उगाळल्यावर आत काहीच उरत नाही. रक्तचंदन हे तर निराळेच झाड. ते आंध्रातील शेषाचलमच्या डोंगरांत होते, त्याला हा सुगंध नाही. नावाच्या साम्यामुळे एकाऐवजी दुसरे घेऊ नये.

सहाण स्वच्छ हवी, हे सांगण्याचे कारण आहे. ज्या सहाणेवर बाळाच्या गुटीसाठी वेखंड, मायफळ, हळकुंड उगाळले जाते, तिच्या खाचांत त्यांचा अंश राहतो आणि तोच नाजूक गालाला झोंबतो. चंदनाची सहाण वेगळी ठेवावी. पाणी साधे, उकळून गार केलेले घ्यावे. त्यात कापूर घालू नये. तो कातडीला झोंबतो आणि लहान मुलांच्या पोटात गेल्यास घातक ठरतो. लिंबूही पिळू नये. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर फोड येतात आणि त्यांचे डाग महिनोन् महिने जात नाहीत. उगाळलेले गंध त्याच दिवशी संपवावे. ओलसर वाटीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. लेप पातळ द्यावा आणि तडकण्यापूर्वी धुऊन टाकावा, कारण कोरड्या कातडीवर वाळून ओढला गेलेला लेप तिला अधिकच कोरडी करतो. जखमेवर, पाणी सुटणाऱ्या पुरळावर आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर तो लावूच नये.

आणि ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी सणाच्या दिवशी प्रथमच उटी लावू नये. आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढा ठिपका द्यावा, थोड्या वेळाने धुवावा, आणि असे रोज त्याच जागी सात दिवस करावे. लाली, खाज, पुरळ यांपैकी काही दिसले, तर तेथेच थांबावे व देवीच्या प्रसादाचे गंध तिच्याच चरणी राहू द्यावे.

खोड महाग पडते, हे खरे. चंदनाचे झाड स्वतःच्या मुळांनी शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्नरस घेत वाढते, आणि त्याचा गाभा भरायला दोन-तीन तपे लागतात. रानातले चंदन चोरट्या तोडीने इतके घटले, की जगातील धोक्यात असलेल्या वृक्षांच्या यादीत त्याची गणना झाली आहे. कर्नाटकात तर 2001 सालच्या कायद्याने स्वतःच्या जमिनीतील चंदनावर शेतकऱ्याला मालकी मिळाली, तोवर ते सरकारचेच मानले जाई. अशा झाडाचे बोटभर खोड उगाळण्यात किती थोडे झिजते! माझ्या सासूबाईंचे खोड मी चाळीस वर्षे वापरते आहे आणि अजून ते मुठीत मावण्याइतके शिल्लक आहे. पन्नास जणींच्या हातांना पुरेल एवढी उटी नाही निघाली, तर प्रत्येकीच्या मनगटावर एक बोट ओढावे. आमच्याकडे आता तसेच करतो.

गेल्या चैत्रात नातीने आपण होऊन कोपरावर ठिपका देऊन घेतला. सात दिवस रोज सकाळी शाळेला निघण्यापूर्वी हात पुढे करून मला दाखवी. आठव्या दिवशी, गौरीच्या हळदीकुंकवाला, सहाण तिनेच पुढ्यात ओढली. उगाळताना पाणी जास्त झाले, गंध पातळ आले, परकरावरही सांडले. पहिले बोट तिने गौरीला लावले, दुसरे माझ्या मनगटावर ओढले आणि मग आपला हात माझ्यापुढे धरला.